कालव्यातून कोणी कोणाला काढलं

बापूंना पुस्तक लिहायचं नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे त्यांच्या घरात, इमारतीत आणि एका नगरपालिकेत जे काही झालं, त्याचं खापर सगळ्यांनी बापूंच्या लेखनाच्या हौसेवर फोडलं. हौस कसली! वजनमाप खात्यात निरीक्षक म्हणून चौतीस वर्षं लोकांचे तराजू तपासलेला माणूस तो. 'काटा योग्य आढळला' आणि 'काटा सदोष आढळला' ही दोन वाक्यं सोडली, तर बापूंनी तिसरं वाक्य लिहिल्याचं त्यांच्या बायकोलाही आठवत नव्हतं.

झालं असं की त्यांची नऊ वर्षांची नात, जिला घरात सगळे खारू म्हणत, शाळेतून एक काम घेऊन आली. आजी-आजोबांच्या लहानपणची एक खरी गोष्ट लिहून आणा, असं बाईंनी सांगितलं होतं. आजीला कुकर लावायचा होता. राहिले आजोबा, आणि ते मोकळेच होते.

बापूंनी घसा साफ केला आणि कालव्याची गोष्ट सांगितली. ते स्वतः नऊ वर्षांचे, धाकटा भाऊ सहा वर्षांचा. गावाबाहेरच्या कालव्यापाशी खेळताना धाकट्याचा पाय घसरला. पाणी दोन पुरुष खोल, शिवाय ओढ जबरदस्त. बापूंनी मागचापुढचा विचार न करता अंगावरच्या कपड्यांनिशी, पायातल्या बुटांनिशी उडी टाकली, भावाच्या केसांना धरलं आणि त्याला काठावर ओढून आणलं. काठावर एक म्हैस उभी होती, ती हे सगळं बघत होती.

"आजोबा, तुम्हाला पोहता येतं?" खारूने विचारलं.

"तेव्हा येत होतं."

"लग्नानंतर समुद्रावर गेलो होतो," आतून आवाज आला, "तर घोट्याच्या वर पाणी येऊ दिलं नाही यांनी."

बापूंनी तिकडे दुर्लक्ष केलं. थोर माणसांच्या घरच्यांना त्यांची किंमत नसते, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं.

चार दिवसांनी वही परत आली. पानावर सोनेरी स्टार आणि खाली लाल शाईत बाईंचा शेरा : 'असे आजोबा सर्वांना लाभोत!' बापूंनी तो शेरा स्वतः वाचला, मग बायकोला वाचून दाखवला, मग कचरा न्यायला आलेल्या बाईंनाही वाचून दाखवला. संध्याकाळी मुलगा मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "बापू, हे सगळं लिहून काढा ना एकदा. आम्हाला तरी कुठे काय माहीत आहे?" मुलाने हे, बापू काहीतरी करत बसतील आणि टीव्हीचा रिमोट मोकळा होईल, एवढ्याच हिशेबाने म्हटलं असावं. पण बापूंच्या डोळ्यांपुढे तोवर कापडी बांधणीचं पुस्तक उभं राहिलं होतं. गावातल्या, बालपणीच्या आठवणी, पुढच्या पिढ्यांसाठी. पहिलं प्रकरण : कालवा.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग साहित्याकडे गेला. राहिलेल्या अर्ध्यात घरच्यांनी आळीपाळीने जेवायचं ठरलं. बायको ताट ठेवताना ते वाजेल एवढी काळजी घेऊ लागली.

आता खालच्या मजल्यावर एक मुद्रितशोधक राहत होते. मुद्रितशोधक म्हणजे छापायच्या मजकुरातल्या चुका काढणारा माणूस. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढून ते निवृत्त झाले होते, पण चुका काही निवृत्त झाल्या नव्हत्या. इमारतीच्या सूचनाफलकावर लावलेल्या 'पाणी येणार नाही' या सूचनेतही ते लाल पेन्सिलीने स्वल्पविराम घालत. बापूंनी मोठ्या विश्वासाने पहिलं पान त्यांच्यापुढे ठेवलं. कौतुकाचे दोन शब्द ऐकायला मिळतील म्हणून चहाही अर्धाच प्यायले.

"दोन पुरुष खोल," मुद्रितशोधकांनी लाल गोल काढला. "मोजलं कोणी?"

"अंदाजे."

"तुम्ही वजनमाप खात्यात होता ना?" दुसरा गोल. "बुटांनिशी. नवव्या वर्षी तुमच्याकडे बूट होते?"

बापू विचारात पडले. त्यांना पहिले बूट नोकरी लागल्यावर मिळाले होते.

"आणि मुख्य म्हणजे, साक्षीदार एकच, आणि तोच गोष्टीचा नायक. असं चालत नाही बापू. ज्याला वाचवलंत त्याचं म्हणणं घ्या. नाहीतर याला आठवण म्हणत नाहीत, फुशारकी म्हणतात."

चौतीस वर्षं बापूंनी व्यापाऱ्यांच्या तोंडावर 'काटा सदोष' म्हटलं होतं. ते ऐकणाऱ्याला कसं वाटत असेल, ते त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तरीही ते तडक घरी आले आणि धाकट्या भावाला फोन लावला. धाकटा दातांचा डॉक्टर. चौसष्ट वर्षांचा, पण घरात अजून बाळच. त्याने फोन स्पीकरवर टाकला, कारण दोन्ही हात एका पेशंटच्या तोंडात होते.

"बाळ, कालव्याची गोष्ट आठवते ना तुला?"

"न आठवायला काय झालं दादा! मी नसतो तर तू आज नसतास."

बापूंना वाटलं, लाइन खराब आहे. "काय म्हणालास?"

"अरे, तू गटांगळ्या खात होतास. मी उडी मारून तुला काढलं, काठावरची म्हैस बघत होती. माझ्या दोन्ही मुलांना झोपताना हीच गोष्ट सांगितली मी. मोठं उघडा!"

"काय उघडू?"

"तू नाही, पेशंट. जीभ आत घ्या."

"जीभ आत घे म्हणजे? थोरल्या भावाशी ही बोलायची पद्धत?"

"दादा, पेशंट! पण तू सहा वर्षांच्या भावाला वाचवल्याचं सांगत फिरतोस की काय? हे बघा, अजिबात हलू नका, दुखेल."

"आधीच दुखलं आहे," म्हणून बापूंनी फोन ठेवला.

आता उरली अक्का, दोघांची थोरली बहीण. सत्तर वर्षांची अक्का फोनवर आली की निदान तासभर जात नसे. शेजाऱ्यांच्या सुनेपासून सुरू होऊन बोलणं गुडघ्यापर्यंत येई आणि गुडघ्याला पाऊण तास लागे. या वेळी मात्र बापूंनी कालवा म्हटलं आणि अक्काने सुनेचा विषय अर्ध्यावर तोडला.

"मी काढलं तुम्हाला दोघांना," अक्का म्हणाली. "एकेका हाताने एकेकाला. म्हशीला विचार, काठावर उभी होती. आणि बाप्या, असल्या गोष्टी कागदावर कशाला आणतोस? पुरे झालं." फोन बंद. दीड मिनिटात. बायकोने घड्याळाकडे बघितलं आणि अक्काची तब्येत ठीक आहे ना, असं काळजीने विचारलं.

तेवढ्यात शाळेतून पत्र आलं. आजी-आजोबांसाठी कार्यक्रम ठेवला होता आणि 'बालवीर आजोबा' म्हणून बापूंनी ही प्रेरणादायी घटना मुलांना स्वमुखाने सांगावी, अशी विनंती होती. निमंत्रण छापून झालं होतं. खारूने ते वर्गात सगळ्यांना, रिक्षावाल्या काकांना आणि इमारतीत मजलानिहाय दाखवलं होतं.

मुद्रितशोधकांनी तिन्ही जबान्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. बराच वेळ पेन्सिल कानामागे होती, ती शेवटी हातात आली. "वाचवणारे तीन, बुडणारे चार," ते म्हणाले. "पण तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे."

"कालवा?"

"म्हैस. माणसं बदलतात, खोली बदलते, म्हैस काठावरच आहे. बापू, म्हशीचा माग काढा."

हे ऐकून कोणीही शहाणा माणूस घरी जाऊन झोपला असता. बापूंनी गावच्या बसची वेळ विचारली. बाळने दवाखाना बंद ठेवला, कारण दादा एकटा गेला तर पुरावा आपल्या बाजूने फिरवील अशी त्याला शंका होती. आणि अक्का? "तुम्ही दोघं तिथे जाऊन भांडाल," असं म्हणत तीही आली. तीन तासांच्या प्रवासात गुडघ्याचा विषय एकदाही निघाला नाही. बापूंनी हे टिपलं, पण त्याचा अर्थ त्यांना लागला नाही.

पाटबंधाऱ्याच्या कार्यालयात कळलं, की कालवा बुजवून पंचवीस वर्षं झाली. "तुम्ही बसमधून जिथे उतरलात ना," तिथला माणूस म्हणाला, "तोच तुमचा कालवा." दोन पुरुष खोल पाण्याच्या जागी बापूंनी नुकतीच लघुशंकेसाठी रांग लावली होती.

नगरपालिकेत पहिली खिडकी जन्म-मृत्यूची होती.

"कालव्यात बुडाल्याची नोंद हवी आहे," बापू म्हणाले.

"मयताचं नाव?"

"मयत नाही. मीच. म्हणजे मी, किंवा हा."

खिडकीतल्या बाईंनी दोघांना नीट बघून घेतलं. "मग आमच्याकडे नाही मिळणार. गेला असतात तर लगेच काढून दिली असती."

शेवटी एका जुन्या शिपायाने मार्ग दाखवला. म्हैस म्हणताय तर कोंडवाड्याच्या वह्या बघा, मोकाट सापडलेली जनावरं जिथे डांबत तिथल्या वह्या. कोंडवाडा केव्हाच बंद झाला, पण वह्या तळघरातल्या अभिलेख कक्षात होत्या, आणि त्या वह्यांवर एक लिपिक होता. लिपिकाने एक अर्ज पुढे सरकवला. बापूंनी चष्मा पुसून तो वाचला. अर्जदाराचे नाव. जनावराचा प्रकार. अर्जदाराचे जनावराशी नाते : मालक, मालकाचा वारस, इतर. इतर असल्यास तपशील द्यावा.

बापूंनी खूप विचार करून लिहिलं : 'पूर्वपरिचित.'

"हे चालणार नाही," लिपिक म्हणाला. "म्हशीशी परिचय होता याला काही आधार?"

"मी स्वतः शासकीय सेवेत होतो," बापू ताठ होत म्हणाले. "चौतीस वर्षं."

"मग तुम्हाला माहीतच आहे, की होणार नाही."

हेच वाक्य बापूंनी स्वतः किती जणांना ऐकवलं होतं याची मोजदाद नव्हती. गोष्ट तिथेच संपायची, पण लिपिकाची दाढ दुखत होती. गालावर हात ठेवून तो बोलत होता आणि बाळचं लक्ष मघापासून अर्जावर नव्हतं, गालावर होतं. "खालची डावी, शेवटून दुसरी," बाळ म्हणाला. "रात्री आडवं झालं की जास्त ठणकते." लिपिकाच्या डोळ्यांत पाणीच आलं. घरच्यांनीही इतक्या आपुलकीने चौकशी केली नसावी. बाळने मोबाइलच्या उजेडात त्याची दाढ बघितली, काय करायचं ते चिठ्ठीवर लिहून दिलं आणि पाचव्या मिनिटाला लिपिक शिडीवर होता. नक्कल मिळणार नाही, पण वाचून दाखवतो, म्हणाला.

वहीवरची धूळ झटकून त्याने पान शोधलं आणि दुखत्या गालाने, सरकारी सुरात वाचायला सुरुवात केली : "एक म्हैस, काळी, डावे शिंग मोडके. कालव्याच्या पाण्यात आढळली. शेपटीस लोंबकळणारी तीन मुले, पैकी मुलगी एक. म्हैस स्वतः काठास लागल्याने मुलेही काठास लागली. मुले बापाच्या ताब्यात दिली. म्हैस कोंडवाड्यात जमा. शेरा : मुलांनी शेपटीस पत्र्याचा डबा बांधल्यामुळे जनावर बिथरून पाण्यात शिरले. जनावराचा दोष नाही."

लिपिक वही मिटायला लागला.

"पाण्याची खोली दिलीय का?" बापूंनी क्षीण आवाजात विचारलं.

"दिलीय. कमरेइतकी."

"कोणाच्या?"

लिपिकाने पान जवळ धरलं. "म्हशीच्या."

बाहेर येऊन तिघं नगरपालिकेच्या पायऱ्यांवर बसले. बाळ म्हणाला, "पण मला तर स्पष्ट आठवतंय. तुझे केस माझ्या मुठीत होते." बापू म्हणाले, "तुझे माझ्या मुठीत होते." मग दोघांनी अक्काकडे बघितलं. अक्का पर्सचा बंद उघडत होती आणि लावत होती.

"डबा मी बांधला होता," ती म्हणाली.

अक्काने पर्स मांडीवरून खाली ठेवली.

"तुम्ही नुसते शेपटीला धरून होतात, गाठ मारू द्यायला. ती पळाली तर सोडायचं ना! नाही सोडलंत. मग मीही धरलं. आता घरी नेलं की बाबा तिघांनाही फोडून काढणार. मला काही सुचेना. मग मनात आलं, वाचवणाऱ्याला कोणी मारत नाही. तुला बाजूला घेऊन सांगितलं, बाप्या, तू बाळ्याला वाचवलंस, असंच सांग. बाळ्याला सांगितलं, तू दादाला वाचवलंस. आणि मी दोघांना. तिघं वाचवणारे म्हटल्यावर मारणार कोणाला?"

"आणि बाबांनी ते ऐकून घेतलं?"

"एकेकाचं शांतपणे ऐकलं. मग टॉवेल तोंडावर धरला. मला वाटलं, रडतायत. खांदे हलत होते. हसत होते ते."

"पण नंतर तरी सांगायचंस," बापू म्हणाले. दुकानात वजनात मारणारे मोठमोठे व्यापारी अंगावर यायचे, 'बघून घेऊ तुला' म्हणायचे, तेव्हा बापूंना पळून जावंसं वाटे. अशा वेळी ते मनाशी म्हणत, नवव्या वर्षी दोन पुरुष पाण्यात उडी टाकली होती आपण, हा काय करणार? आणि ते 'काटा सदोष' असं लिहून खाली सही करत. एवढी मोठी नोकरी त्यांनी म्हशीच्या कमरेइतक्या पाण्यावर केली होती.

"सांगणारच होते," अक्का म्हणाली. "पण बाळ्या तोवर अंधाराला भ्यायचा, परसात एकटा जायचा नाही. त्या दिवसापासून जायला लागला. तुला वर्गातली मुलं ढकलायची. दुसऱ्या दिवशी तू शाळेला निघालास ते मान ताठ करून. मी दारात उभी राहून बघितलं. मग म्हटलं, कशाला सांगायचं?"

बाळने खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसला. बापूंनी काहीच पुसलं नाही, पण समोरचा रस्ता थोडा वेळ धूसर होता. परतीच्या बसमध्ये गुडघ्याचा विषय निघाला आणि शेवटपर्यंत पुरला.

घरी आल्यावर खारूला सांगणं सगळ्यात कठीण गेलं. तिने मांडी घालून सगळं ऐकलं.

"म्हणजे तुम्ही बालवीर नाही?"

"नाही."

"बाई स्टार परत घेतील?"

"मी त्यांच्याशी बोलेन."

खारूने बराच विचार केला. "तुम्हीच सांगा सगळ्यांना. मी नाही सांगणार. मी शेवटच्या रांगेत बसेन."

कार्यक्रमाच्या दिवशी फळ्यावर रंगीत खडूने 'बालवीर आजोबा' लिहिलेलं होतं. बापू अक्का आणि बाळला दोन्ही बाजूंना घेऊन गेले. दोन साक्षीदार बरोबर असावेत, असा मुद्रितशोधकांचा सल्ला होता आणि तेही लाल पेन्सिल घेऊन मागे उभे होते. बाईंनी ओळख करून दिली, त्यात पाणी तीन पुरुष खोल झालं. बापू उभे राहिले. त्यांनी हातातला कागद खिशात घातला आणि जे झालं ते सांगितलं. डबा, शेपटी, कमरेइतकं पाणी, तीन खोट्या गोष्टी, बाबांचा टॉवेल. "मी कोणालाही वाचवलेलं नाही," ते शेवटी म्हणाले. "आम्हाला म्हशीने वाचवलं, आणि तीही आमच्यामुळेच पाण्यात गेली होती."

बाईंनी फळ्याकडे बघितलं, मग डस्टरकडे. बायकोने मात्र पहिल्या रांगेतून बापूंकडे असं बघितलं, की लग्नानंतर एवढ्या वर्षांत बापूंना ती नजर आठवत नव्हती.

मग मुलांतून एक हात वर आला. पाठोपाठ दुसरा. मग हातांचं रानच उगवलं. बापूंनी मन घट्ट केलं आणि पहिल्या मुलीकडे बोट दाखवलं.

"म्हशीचं पुढे काय झालं?"

"हो, तिला कोंडून ठेवलं ना?" दुसरा ओरडला. "तिचा तर दोषच नव्हता!"

"सोडलं का तिला?"

वहीत पुढचं काही नव्हतं. शेवटच्या रांगेतली खारूही आता बाकावर गुडघे टेकून, माना उंचावणाऱ्या मुलांच्या वरून त्यांच्याकडे बघत होती. इतक्यात शेजारून अक्का उठली. पदर सारखा केला आणि पापणीही न हलवता म्हणाली :

"तिसऱ्याच दिवशी सोडलं की! आमचे बाबा स्वतः गेले होते. कोंडवाड्याचं दार उघडलं, तर ती बाहेरच येईना. बाबांनी तिची माफी मागितली. तेव्हा आली."

बापूंनी चमकून बहिणीकडे पाहिलं. यातलं एक अक्षरही खरं नव्हतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मुद्रितशोधकांची पेन्सिल कानामागून निघालीच होती.

"गळ्यात घंटा बांधली तिच्या," पलीकडून बाळ म्हणाला. "पितळेची. मी पुढे चालत होतो, दोरी धरून."

"मग ती घरी गेली?" पहिल्या मुलीने श्वास रोखून विचारलं, आणि विचारलं ते थेट बापूंना.

बापूंनी एकदा उजवीकडे पाहिलं, एकदा डावीकडे पाहिलं.

"गेली," ते म्हणाले. "पण वळणावर थांबली, आणि मागे वळून आमच्याकडे बघितलं. मी पाहिलं ना!"